ग्रंथालयातील संगणकांवर कोणते लिनक्स बसवावे? सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह, कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य आणि ग्रंथपाल,
महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये

सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. आपल्या बहुतेक ग्रंथालयांतले संगणक त्याच विंडोज १० वर चालतात आणि त्यांतले पुष्कळसे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, कारण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या वा सहाव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क असा संगणक अनुदानातून, देणगीतून किंवा एखाद्या बँकेने बदललेल्या यंत्रांतून आपल्याकडे आलेला असतो. तो उत्तम चालत असूनही केवळ सुरक्षा-अद्यतने मिळत नाहीत म्हणून धोक्याचा ठरला आहे. संस्थांना पैसे भरून मुदतवाढ मिळते. परंतु तिचा जाहीर दर पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर असून तो दर वर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांनंतर तीही संपते. ज्या ग्रंथालयाला वीजबिल आणि नियतकालिकांची वर्गणी भागवताना वार्षिक अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहावी लागते, त्याच्यासाठी हा मार्ग खुला नाही, असेच म्हणावे लागेल.

यामुळे अनेक ग्रंथालयांत आता लिनक्सचा विचार सुरू झाला आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र लिनक्स बसवायचे एवढे ठरल्यावर कोणते बसवायचे हा प्रश्न मंडळाच्या सभेत चर्चेला न येता दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञाच्या आवडीवर सोडला जातो. एकाच ग्रंथालयात तीन संगणकांवर तीन वेगवेगळी लिनक्स बसलेली मी पाहिली आहेत. प्रत्येकाचा मेनू वेगळा, मराठी टंकनाची सोय वेगळी, अद्यतन करण्याची रीत वेगळी. आणि बसवणारा दुसऱ्या गावी गेल्यावर ग्रंथपालांना विचारायला कोणी उरत नाही. हा निर्णय मंडळाने स्वतः, समजून-उमजून घ्यावा, या विनंतीसाठी हे पत्र आहे. माझी शिफारस सुरुवातीलाच सांगतो: सर्व संगणकांवर लिनक्स मिंट बसवावे, चार जीबी रॅमच्या यंत्रांवर त्याची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती आणि आठ जीबीच्या यंत्रांवर सिनॅमन या भरगच्च डेस्कटॉपची आवृत्ती. या शिफारशीमागची कारणे, आणि तिच्यातल्या उणिवाही, पुढे मांडतो.

लिनक्स हे नाव खरे पाहता फक्त गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. या गाभ्याभोवती डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस, प्रिंटरची व्यवस्था इत्यादी हजारो घटक जमवून, तपासून, एकत्र बांधून जो संच दिला जातो त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट ही सगळी अशा संचांची नावे. सर्वसाधारण वाचकाला रोज लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, पीडीएफ वाचक, व्हीएलसी, या सगळ्या संचांत सारख्याच चालतात. फरक पडतो तो पुढच्या गोष्टींत: सुरक्षा-अद्यतने किती वर्षे मिळतात, ती किती वेळा आणि कोणत्या रीतीने येतात, डेस्कटॉप यंत्रावर किती भार टाकतो, आणि काही बिघडल्यास पूर्ववत करण्याची सोय किती सुलभ आहे. म्हणून महाजालावर ज्या कसोट्यांवर डिस्ट्रोंची तुलना होते, म्हणजे दिसणे, नावीन्य, खेळ चालणे, त्या आपल्या कामाच्या नाहीत. आपली कसोटी एकच असावी असे मला वाटते: संगणकशास्त्र न शिकलेल्या ग्रंथपालांना हे यंत्र बाहेरच्या मदतीशिवाय पाच वर्षे नीट चालवता येईल का?

या कसोटीवर काही नामांकित डिस्ट्रो लगेच बाजूला पडतात. फेडोरा हे रेड हॅट या कंपनीच्या पाठबळावर चालणारे आणि तांत्रिकदृष्ट्या अतिशय दर्जेदार काम आहे. विकसकाच्या टेबलावर मी ते आनंदाने पाहीन. पण त्याची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला जेमतेम तेरा महिने अद्यतने मिळतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी प्रत्येक संगणकाची पूर्ण प्रणाली बदलावी लागणार. शिवाय काही पेटंटधारी कोडेक, म्हणजे चलचित्र आणि आवाज उलगडून दाखवणारे घटक, मूळ संचात नसल्यामुळे ते महाजालावरच्या वेगळ्या भांडारातून आणावे लागतात, आणि चलचित्र का दिसत नाही हे ग्रंथपालांना आधी शोधावे लागते. आर्च आणि ओपनसुसेचे टंबलवीड या डिस्ट्रोंना आवृत्तीच नसते. त्यांत सतत नवे घटक येत राहतात. रोज संगणक वापरणाऱ्या जाणत्या माणसाला ही पद्धत मानवते. परंतु ग्रंथालयातला कोपऱ्यातला संगणक कधी कधी दोन-तीन महिने कोणी सुरूच करत नाही, आणि मग एके दिवशी शेकडो घटकांचे अद्यतन मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदम उतरवावे लागते. असे मोठे अद्यतन मध्येच तुटले तर यंत्र सुरू होण्याचीही खात्री राहत नाही. सार्वजनिक ठिकाणी ही जोखीम घेऊ नये.

खरी तुलना उबुंटू, डेबियन आणि मिंट या तिघांत आहे, आणि हे तिघे एकाच कुळातले आहेत. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केले; डेबियनच्या पायावर कॅनॉनिकल कंपनीने २००४ मध्ये उबुंटू आणले; आणि उबुंटूच्या पायावर क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ मध्ये मिंट उभे केले. तिघांतही घटक बसवण्याची पद्धत मूलतः एकच असल्याने एकासाठी लिहिलेली माहिती बहुधा दुसऱ्यालाही चालते. निवड चुकलीच तरी आपण परक्या प्रदेशात जाऊन पडत नाही, हा या कुळाचा मोठा फायदा आहे.

उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे विनामूल्य अद्यतने मिळतात. हार्डवेअरचा पाठिंबा उत्तम, माहिती विपुल. तरीही ग्रंथालयासाठी मी ते सुचवत नाही, याची तीन कारणे आहेत. पहिले असे की त्याचा ग्नोम डेस्कटॉप विंडोजच्या सवयीपेक्षा बराच वेगळा आहे, आणि वृत्तपत्र वाचायला येणाऱ्या ज्येष्ठ सभासदाला खाली डाव्या कोपऱ्यात मेनू सापडला नाही की ते यंत्र बिघडले असे समजतात. शिवाय ग्नोम रॅमही अधिक घेतो. दुसरे, उबुंटूमध्ये फायरफॉक्ससह काही घटक स्नॅप या पद्धतीने, म्हणजे लागणारे सगळे भाग एकाच बंद पुडक्यात बांधून, येतात. फिरत्या हार्ड डिस्कवर त्यांना पहिल्यांदा उघडायला जाणवण्याइतका वेळ लागतो, आणि वेगळी व्यवस्था न केल्यास ते दिवसातून अनेकदा आपले आपण अद्यतन तपासत राहतात. मर्यादित डेटावर चालणाऱ्या ठिकाणी हे परवडत नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

ग्रंथालयाचा संगणक कोणा एकाचा नसतो. सकाळी त्यावर कोणी ई-पेपर वाचतो, दुपारी अभ्यासिकेतली मुलगी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अर्ज भरते, संध्याकाळी कोणी नोकरीसाठी बायोडाटा तयार करतो. अर्ज भरताना आधार कार्डाची पीडीएफ, जातीचा दाखला, स्वाक्षरीचे छायाचित्र हे सगळे डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये उतरते आणि तिथेच राहते. ई-मेल खाते उघडेच राहते. कोणत्याही ग्रंथालयातल्या सार्वजनिक संगणकावरचा तो फोल्डर आपण उद्या स्वतः उघडून पाहावा, म्हणजे मी हा मुद्दा इतक्या कळकळीने का मांडतो आहे ते लक्षात येईल. लिनक्स मिंटमध्ये लॉगिन विंडोच्या सेटिंग्जमध्ये अतिथी-सत्राला परवानगी देणारा एक पर्याय आहे. तो चालू केला की वाचक पासवर्डशिवाय अतिथी म्हणून आत येतो, हवे ते काम करतो, आणि तो बाहेर पडताच त्या सत्रातल्या सगळ्या फायली, ब्राउझरचा इतिहास, उघडी खाती पुसली जातात. पुढच्या वाचकाला कोरा डेस्कटॉप मिळतो. उबुंटूत ही सोय पूर्वी होती, परंतु मुख्य आवृत्ती ग्नोमकडे वळल्यापासून ती राहिलेली नाही. डेबियनमध्येही ती तयार मिळत नाही. वाचकाने आपले काम पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलवर जपून न्यावे, अशी सूचना पडद्याशेजारी मराठीत लावली की पुरे. सार्वजनिक संस्थेला निवडीसाठी हे एकच कारण पुरेसे असावे, असे माझे मत आहे.

डेबियनबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसलेले, स्वयंसेवकांनी तीस वर्षांहून अधिक काळ निष्ठेने चालवलेले ते काम आहे. २०२३ च्या डेबियन १२ पासून वायफाय वगैरेंसाठी लागणारे फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारे छोटे सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरमध्येच येऊ लागल्याने त्याची एक जुनी अडचण दूर झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले. ज्या ग्रंथालयात लिनक्स जाणणारा एखादा सभासद कायमचा उपलब्ध आहे, तिथे डेबियन बसवल्यास मला काहीच आक्षेप नाही. परंतु त्याच्या इन्स्टॉलरमध्ये रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासक-खात्याचा, पासवर्ड भरला तर पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे प्रशासकाची कामे करण्याचा, अधिकार मिळत नाही आणि तो रिकामा सोडला तर मिळतो, अशा प्रकारच्या गोष्टी आधीपासून ठाऊक असाव्या लागतात. नवख्या ग्रंथपालांवर तो भार नको.

झोरिन ओएस विंडोजसारखे दिसते, उबुंटूवरच आधारलेले आहे आणि वाईट नाही. ते आधीच बसवलेले असेल आणि सुरळीत चालत असेल तर मोडतोड करू नये. आपल्या देशातले बॉस लिनक्स का नको, असे सभेत कोणी तरी विचारेलच. सी-डॅकने डेबियनच्या पायावर ते तयार केले असून भारतीय भाषांसाठी त्यात मनापासून काम झाले आहे. मात्र तालुक्याच्या गावात अडचण आली की उत्तर महाजालावर तत्काळ सापडणे हे आपल्याला अत्यावश्यक आहे, आणि त्या बाबतीत मिंट-उबुंटू कुळाशी कोणाचीच बरोबरी होत नाही. मराठीच्या सोयी तर आता सगळ्याच डिस्ट्रोंत पोहोचल्या आहेत.

मिंटचा पाया उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती हाच असल्याने पाच वर्षांची अद्यतने त्यालाही लाभतात; मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत चालेल. स्नॅप त्यात मुळात बसवलेले नसते, फायरफॉक्स नेहमीच्या पद्धतीने येतो. अद्यतन व्यवस्थापक काय बदलणार आहे ते दाखवून मग विचारतो, त्यामुळे महिन्यातल्या एका ठरावीक दिवशी, चांगले इंटरनेट असताना, सगळे संगणक एकदम अद्ययावत करता येतात. टाइमशिफ्ट नावाचे साधन प्रणालीची नोंद ठेवते आणि काही बिघडल्यास आदल्या आठवड्याच्या स्थितीत परत नेते. मात्र टाइमशिफ्ट मूळ मांडणीत वापरकर्त्याच्या फायली राखत नाही, फक्त प्रणाली राखते. दाखल-नोंदी, इतिवृत्ते आणि हिशेब यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावीच लागते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मिंटचा मूळ चमू लहान आहे आणि तो उबुंटू आणि डेबियन या दोन प्रकल्पांवर अवलंबून आहे. उद्या उबुंटूने धोरण बदलले तर काय, हा प्रश्न त्यांनाही पडलेला आहे आणि म्हणूनच ते थेट डेबियनवर बांधलेली एलएमडीई ही दुसरी आवृत्ती सांभाळून ठेवतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळात कोणी घुसखोरी करून डाउनलोडचा दुवा बदलला होता, आणि त्या काळात काही लोकांना दूषित प्रत मिळाली होती. चमूने ते त्वरित जाहीर केले, परंतु त्यातून घ्यायची सवय आजही तितकीच आवश्यक आहे: उतरवलेल्या आयएसओ फाइलची, म्हणजे मिंटचा पूर्ण संच असलेल्या फाइलची, एसएचए-२५६ बेरीज (फाइल बदलली की बदलणारी तिची ओळखखूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय पेन ड्राइव्ह तयार करू नये. मित्राने दिलेला, कुठून आला हे माहीत नसलेला पेन ड्राइव्ह तर मुळीच वापरू नये.

चार जीबी रॅममध्ये लिनक्स पळते, ही गोष्ट खरी असली तरी अर्धीच खरी आहे. एक्सएफसीई डेस्कटॉप स्वतः एक जीबीच्या आत भागवतो, पण ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की कोणत्याही डिस्ट्रोत रॅम भरते, कारण ती रॅम आजची संकेतस्थळे खातात. यासाठी झेडरॅम ही रॅममधली माहिती दाबून साठवणारी सोय तंत्रज्ञाकडून चालू करून घ्यावी. आणि मंडळाला संगणकांवर थोडाच खर्च करता येत असेल तर तो सर्वप्रथम फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवण्यावर करावा, रॅम त्यानंतर. डिस्ट्रो बदलून जेवढा फरक पडणार नाही तेवढा त्या एका बदलाने पडतो. जे यंत्र केवळ ३२-बिट आहे ते मात्र निवृत्त करावे. मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० मध्येच ३२-बिट सोडले आणि डेबियननेही १३ व्या आवृत्तीत तसा इन्स्टॉलर देणे थांबवले. अशा यंत्राला जगवण्याचा खटाटोप आता करू नये.

आता मराठीकडे येतो. मराठी टंकनासाठी लिनक्सवर वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी निवडली की झाले. ज्यांना रोमन अक्षरांतून, उच्चारानुसार लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस ही टंकनाची सोय आणि तिचा एम-१७-एन हा घटक बसवावा. त्यात मराठीचे उच्चाराधारित पर्याय मिळतात. पण यात मंडळाने एक शिस्त घालून द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: ज्या संगणकांवर पुस्तकांच्या नोंदी होतात त्या सर्वांवर एकच मांडणी, शक्यतो इन्स्क्रिप्टच, असावी. त्याचे कारण दिसायला सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ मधली जोडाक्षरातली ती आडवी रेघ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे लिहिली जाते. एकात नुक्त्याचा स्वतंत्र ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. ‘ॲ’ हे अक्षरही कोणी एका कळीने लिहितो, कोणी ‘अ’ वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, पण यादीत शोधताना साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका संगणकावरून नोंदलेले पुस्तक दुसऱ्यावरून शोधताना सापडत नाही, आणि ‘पुस्तक यादीत नाही’ असे सांगून वाचकाला परत पाठवले जाते, तर ते फडताळात समोरच असते. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून J ही कळ दाबली की ‘ऱ’ येतो, शिफ्ट धरून N दाबली की ‘ळ’. एवढे दोन नियम कागदावर लिहून प्रत्येक कीबोर्डजवळ चिकटवले तरी नोंदींचा दर्जा पुष्कळ सुधारेल.

दुसरी बाब अक्षरांच्या वळणाची. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. ती मराठी केली आणि नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी असा फॉन्ट घेतला की तीच अक्षरे मराठी वळणाची होतात. ग्रंथालयाचे सूचनाफलक, प्रमाणपत्रे आणि निमंत्रणपत्रे शाळकरी मुले वाचतात. तिथे मराठी अक्षर मराठी वळणानेच दिसावे, याची काळजी आपण नाही तर कोण घेणार? पर्यायांच्या खिडकीत भाषेच्या सेटिंगमध्ये जटिल लिपीसाठी मराठी ही मूळ भाषा एकदा ठरवून दिली की हे काम कायमचे होते.

सर्वाधिक अडचण येते ती प्रिंटरमुळे, आणि ती बसवण्याआधीच पाहिली पाहिजे. आपल्याकडे कार्यालयोकार्यालयी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर कॅप्ट नावाच्या खास भाषेत बोलतो. त्याचा लिनक्ससाठीचा जुना चालक (ड्रायव्हर) नव्या प्रणालींवर बसवणे कटकटीचे आहे, आणि स्वयंसेवकांनी केलेला पर्याय चालतो, पण दर वेळी चालेलच असे नाही. एचपीचा लेझरजेट १०२० तुलनेने सोपा. एचपीलिप हे एचपीचे लिनक्ससाठीचे सॉफ्टवेअर बसवून त्याचे प्लगइन उतरवले की तो चालतो, कारण त्याला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर द्यावे लागते आणि ते काम प्लगइन करते. एपसनच्या शाईच्या टाकीवाल्या बऱ्याच प्रिंटरांचा चालक भांडारातच मिळतो. आणि एअरप्रिंट या चालकाशिवाय छपाई करण्याच्या पद्धतीला पाठिंबा देणारे अलीकडचे नेटवर्क प्रिंटर तर आपोआप ओळखले जातात. म्हणून नवा प्रिंटर घेताना दरपत्रकात ही अट लिहून टाकावी. मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, थेट चालवून पाहता येते. त्या अवस्थेतच प्रिंटर, स्कॅनर, वायफाय आणि आवाज तपासून घ्यावेत आणि मगच विंडोज पुसण्याचा ठराव करावा.

सगळेच काम लिनक्सवर न्यावे, असा माझा हट्ट नाही. जुनी इतिवृत्ते श्रीलिपी किंवा आयएसएमच्या बिगर-युनिकोड फॉन्टांत टंकलेली असतात. त्यांचे फॉन्ट लिनक्सवर टाकून ती वाचता येतात, पण त्यात भर घालणे आणि दुरुस्त्या करणे अवघड जाते. लेखापालांना टॅली हवी असते आणि टॅली लिनक्सवर स्वतःहून चालत नाही. अशा कामांसाठी एक यंत्र अधिकृत परवान्याच्या विंडोज ११ वर ठेवावे, आणि ते शक्य नसेल तर जुन्या विंडोजचे यंत्र इंटरनेटपासून तोडून वापरावे. जुनी इतिवृत्ते हळूहळू युनिकोडमध्ये आणून घ्यावीत. पायरेटेड विंडोज आणि तिला सक्रिय करणारी संशयास्पद साधने मात्र शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत एक दिवसही राहू नयेत. त्या साधनांतूनच अनेकदा विषाणू येतात.

ग्रंथालय-व्यवस्थापनाबद्दल चिंता नको. एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचे ई-ग्रंथालय ४.० हे सॉफ्टवेअर ब्राउझरमधून चालते, त्यामुळे संगणकावर कोणती प्रणाली आहे याने फरक पडत नाही. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेले आणि २००० मध्ये प्रत्यक्ष वापरात आलेले कोहा हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर तर मुळात लिनक्ससाठीच लिहिलेले आहे. त्याच्या सर्व्हरसाठी डेबियन किंवा उबुंटू सोयीचे आणि वापरणाऱ्याला लागतो फक्त ब्राउझर.

डिस्ट्रो कोणते यापेक्षा ते सगळीकडे एकच असणे किती मोलाचे आहे, हे केरळकडे पाहिल्यावर पटते. तिथे २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे त्याचेच काइट झाले. त्यांनी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली तयार करून राज्यभरातल्या सरकारी शाळांत एकच संच ठेवला, पाठ्यपुस्तके त्यावरच बेतली आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. उलट जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ पासून प्रयत्न करून सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले, पण २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. तिथल्या चर्चेत राजकारणही होते. तरी वरचे पाठबळ सरले की तंत्र कितीही चांगले असले तरी टिकत नाही, हे त्यातून दिसते. आपल्याकडे ते पाठबळ द्यायचे काम तालुका आणि जिल्हा ग्रंथालय संघांचे आहे. एका तालुक्यातल्या सगळ्या ग्रंथालयांनी एकच डिस्ट्रो, एकच मांडणी आणि एकच मराठी मार्गदर्शिका स्वीकारली तर एका ग्रंथपालांना आलेले उत्तर शेजारच्या गावातल्या ग्रंथपालांना दूरध्वनीवर सांगता येईल.

म्हणून माझी विनंती अशी आहे. येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. त्याआधी ग्रंथपालांनी प्रत्येक संगणकाचा प्रोसेसर, रॅम, डिस्कचा प्रकार आणि प्रिंटरचे पूर्ण नाव यांची यादी करावी. एलबीपी २९०० असेल तर त्याच्यापुढे खूण करावी, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे जाणार आहे. अभ्यासिकेतल्या एकाच संगणकावर अतिथी-सत्रासह मिंट बसवून ते पूर्ण महिनाभर वाचकांना वापरू द्यावे आणि शेजारी एक वही ठेवून त्यांच्या अडचणी लिहून घ्याव्यात. त्या वहीवरून पुढचा निर्णय मंडळाने करावा. ज्या तंत्रज्ञाकडून काम करून घ्याल त्याच्याकडून प्रशासक-पासवर्ड लेखी घेऊन तो कार्यवाहांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवावा, आणि मिंट बसवण्यासाठी वापरलेला, तपासून घेतलेला पेन ड्राइव्हही त्याच पाकिटात असू द्यावा.

आपला,
एक आजीव सभासद